फोडलेला एसी आणि माझी खिडकी

ये गं बाई, इकडे ये, अशी जवळ बस. दारात उभी राहून ओढणीने वारा घेतेस आणि वर मलाच विचारतेस, मामी, अजून एसी नाही बसवलात? चार वर्षांनी तोंड दाखवायचं आणि आल्या आल्या घराची तपासणी करायची, हे कुणी शिकवलं तुला? सासूने शिकवलं असेल तर तिला माझा नमस्कार सांग. तुझ्या त्या बाविसाव्या मजल्यावर मी येऊन गेले तेव्हा बघितलं सगळं. प्रत्येक खोलीत एसी आणि एकाही खोलीची खिडकी उघडत नाही. खाली भाजीवाला ओरडला तर तुला कळायचं कसं? तर म्हणे भाजी फोनवर येते. येवो बापडी.

आमच्याकडे एसी नाही असं तू म्हणतेस. आमच्याकडे एसी होता. ह्या हेंद्रेपाड्यात, आमच्या गल्लीत पहिला एसी आमच्याच घरी आला, तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. आणि एक नाही, म्हटलं तर दोन होते. म्हणजे एकाचेच दोन केले होते, तुझ्या मामांनी. थांब, ते आत पडलेत, हळू बोलते. नाहीतर उठून येतील आणि तुला सांगतील की दोष सगळा व्होल्टेजचा होता.

आधी ही खिडकी बघ, कारण सगळं रामायण हिच्यावरून झालं. तळमजल्याचं घर, रस्त्याकडे तोंड. लग्नानंतर कित्येक वर्षं ह्या खिडकीचा उपयोग ओले टॉवेल वाळत घालण्यापुरता होता. मग मी हिच्याशी पायमशीन लावली. शिवण मला कुणी शिकवलं नाही. जुना ब्लाउज उसवायचा, वर्तमानपत्रावर पसरून आखायचा, तसाच कापायचा आणि शिवायचा. असे सात ब्लाउज वाया गेले, आठवा अंगावर बसला. गजांच्या मध्ये हातभर चौकट तुझ्या मामांनीच कापून दिली, कपडा आतबाहेर करायला. बायका बाहेर उभ्या, मी आत मशीनवर. त्यांना चपला काढायला नकोत, मला चहा ठेवायला नको, आणि घरात पुरुषमाणूस बसलंय का हे कुणाला वाकून बघायला नको. शाळेतल्या बाई यायच्या, कंपनीतल्या साहेबांच्या बायका यायच्या, रिकाम्या पाट्या घेऊन बाजारातून परतणाऱ्या गावातल्या यायच्या. माप सांगता सांगता बाकीचंही सांगायच्या. कुणाची सून, कुणाचं दुखणं, कुणाचा रात्रपाळीचा नवरा. अर्धं बदलापूर ह्या गजांतून माझ्याशी बोलून गेलंय.

आणि खरं सांगू, घरात माझं म्हणून दुसरं काही नव्हतं. कपाट सासूबाईंचं, पलंग तुझ्या आजोबांनी करून घेतलेला, रेडिओला हात लावला तर स्टेशन हलायचं म्हणून तो तुझ्या मामांचा. खिडकी तेवढी माझी.

तुझे मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत फिटर होते, ते तुला माहीतच आहे. पाइप जोडायचे, वळवायचे, गळका पाइप बघितला की त्यांना झोप लागायची नाही. नव्वद सालाच्या आसपास त्या कंपनीत नवे मॅनेजर आले. त्यांच्या केबिनमध्ये खिडकीत बसवलेला एक एसी होता, घरघर करणारा. साहेबांना त्या घरघरीने फोनवर बोलणं जमेना. त्यांनी भिंतीवरचा नवा मागवला, ज्याचं आवाज करणारं धूड बाहेर राहतं आणि गारवा तेवढा आत येतो. त्याला स्प्लिट म्हणतात हे आमच्या घराला तेव्हा कळलं. जुना एसी भंगारात काढला, कामगारांत चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली ह्यांची.

मोरिवलीच्या नाक्यावरून टेम्पो करून घेऊन आले. टेम्पोच्या मागच्या बाजूला एसी आणि त्याला धरून हे, नवरीबरोबर पाठराखीण बसते तसे. माझ्या वरातीत ह्यांनी माझ्याकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं.

चार माणसांनी तो पुढच्या खोलीत आणून ठेवला आणि हे कमरेवर हात ठेवून खिडकीकडे बघायला लागले. बाईमाणसाला अशी नजर बरोबर कळते. मी मशीनवरून उठले नाही. म्हटलं, "काय बघताय?"

"मापात बसतोय," म्हणाले. "दोन गज काढले की झालं."

मी म्हटलं मागच्या खोलीला खिडकी आहे, तिथे लावा, झोपायला गारवा होईल. तर म्हणे, मागे कोण बघतंय. बघ, चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, एसी कशासाठी तर गल्लीने बघावा म्हणून. निदान मला तेव्हा तसंच वाटलं. खरं कारण पुढे कळलं, ते सांगते.

त्या दिवशी मी ह्यांना सरळ सांगितलं. म्हटलं, "ह्या खिडकीत एसी बसला तर मी बाहेर रस्त्यावर मशीन घेऊन बसेन. गल्लीला बघायचंच असेल तर ते बघू दे." मी बोलले तसं करते हे ह्यांना ठाऊक. दोन दिवस एसी खोलीच्या मधोमध, आम्ही त्याच्या दोन बाजूंनी जायचो यायचो, बोलणं बंद. मी त्याच्यावर कापडं बेतायला लागले, तेवढाच उपयोग.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, तुझ्या खिडकीच्या गजालाही हात लावत नाही. ह्याला मधून फोडतो. थंड अर्धा आत, गरम अर्धा बाहेर, मध्ये तांब्याचा पाइप. साहेबाने जे विकत आणलं ते मी घरी करून दाखवतो. आणि खरंच सांगते, मी खूश झाले. माझ्या खिडकीसाठी नवरा एवढं लोखंड फोडायला निघाला, म्हणजे प्रेमच की. मला काय माहीत, प्रेमाला पण उष्णता बाहेर टाकायला जागा लागते.

रविवारी पत्रा उघडला. माझ्या माहेरी भावाभावांनी घर वेगळं केलं तेव्हासुद्धा एवढा आवाज झाला नव्हता. दुपारपर्यंत सगळी आतडी बाहेर आणि हे त्यात डोकं घालून बसलेले. चहा दिला, प्यायले नाहीत. मग मलाच बोलावून दाखवलं. आत मोटर एकच. तिच्या एका टोकाला आतल्या गारव्याचा पंखा, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या गरमीचा. एकीनेच दोन्हीकडे फिरायचं. दोन तुकडे केले की मोटर एकाच तुकड्याकडे जाणार, दुसरा नुसता लोळागोळा.

मी म्हटलं, "एकटीनेच घरातलं आणि बाहेरचं दोन्ही बघायचं, ह्यात मला काही नवीन दिसत नाही."

हसले नाहीत. मोटर बाहेरच्या अर्ध्याला दिली आणि आतल्या अर्ध्यासाठी माझ्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारा पंखा उतरवला. झालं. पुढच्या खोलीत गारवा यायचा होता, तोवर मागे फोडणीचा धूर कोंडायला लागला. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, काय गं, आज मिरच्या जास्त का? मी म्हणायचे, नाही आजी, एसीचं काम चाललंय.

आतला अर्धा म्हणजे नुसती जाळी आणि पंखा, तो भिंतीवर लावायचा तर खोका हवा. हे उल्हासनगरला गेले. फर्निचर बाजारात एका सुताराकडून प्लायवूडचा खोका करून आणला, वर सागवानी रंगाचा सनमायका, पुढे दोन झडपा, झडपांना पितळी मुठी. सुताराला एसीचा खोका कसा असतो ते ठाऊक नव्हतं, त्याला जे येत होतं ते त्याने केलं. भिंतीवर चढवल्यावर तो हुबेहूब देव्हारा दिसायला लागला. वरच्या आजी बघायला आल्या त्या चपला बाहेर काढून आल्या आणि त्यांनी हात जोडले. मी म्हटलं असू दे, लागेल आशीर्वाद.

आता नीट ऐक, कारण पुढे जे झालं ते ह्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. कंपनीत नवी पाइपलाइन टाकली की तिच्यात आधी पाणी भरतात. दोन्ही टोकं बंद करायची, हातपंपाने दाब चढवायचा आणि सांध्यासांध्यावर नजर ठेवून बसायचं. थेंब दिसला नाही की मग खरा माल सोडायचा. ह्यांनी उभ्या आयुष्यात पाणी भरून तपासल्याशिवाय एक पाइप चालू केला नव्हता. बाथरूमच्या नळालासुद्धा वॉशर बदलला की अर्धा तास टक लावून बसायचे. तर कंपनीतून एक दिवसासाठी हातपंप आणला, आपल्या बाथरूममधून बादली भरून घेतली आणि ते सगळं पाणी एसीच्या जाळीत आणि नव्या तांब्याच्या पाइपात भरलं. दुपारभर दाब धरून ठेवला. थेंब नाही. एवढे खूश झाले की भिंतीवर, खोक्याच्या बाजूला, खडूने लिहिलं: टेस्ट ओके. खाली सही.

मग पाणी काढलं. सायकलच्या पंपाने वारा मारला, पाइप गच्चीत उन्हात ठेवला. मी शेवया वाळत घातल्या होत्या, त्या शेवयांशेजारी. संध्याकाळी शेवया वाळल्या. पाइपाचं बाहेरून बघून काय कळणार.

गॅस भरायला उल्हासनगरचा एक सिंधी मेकॅनिक आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात सिलिंडर, माणूस गोड. त्याने दोन्ही तुकडे बघितले, देव्हारा बघितला, मान हलवली. म्हणाला, पाइप जेवढा आखूड ठेवाल तेवढा गारवा चांगला. आणि विचारलं, लीक चेक झालं का? ह्यांनी छाती पुढे काढून भिंतीवरची सही दाखवली. त्याला फार बरं वाटलं. एवढं चोख काम करणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नव्हतं. त्याने पुढे विचारलं नाही आणि ह्यांनी पुढे सांगितलं नाही. बिचाऱ्याने जोडून दिलं, गॅस भरला, चहा पिऊन गेला.

पाइप आखूड म्हणजे बाहेरचा अर्धा जवळ. जवळ म्हणजे कुठे? बरोब्बर माझ्या खिडकीच्या खाली, हात लांब केला तर हाताला लागेल असा. लोखंडी अँगलचं स्टँड भिंतीत पक्कं केलेलं, एवढं मजबूत की त्याच्यावर म्हैस उभी राहिली असती. ह्यांनी शब्द पाळला हो, खिडकीच्या गजाला हात लावला नाही. फक्त त्या धुडाचा पंखा गरम वारा फेकायचा तो सरळ पुढे, जिथे माझ्या बायका उभ्या राहायच्या तिथे.

पहिल्या दिवशी बटण दाबलं तसे बिल्डिंगमधले सगळे दिवे एकदा डोळा मिचकावल्यासारखे झाले आणि बाहेर ट्रक चालू झाल्यासारखा आवाज सुरू झाला. आत मात्र खरंच गार वारा आला. तोंडाला लागल्यावर दात शिवशिवावेत असा. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वरपर्यंत बटणं लावून खुर्चीत बसले. हात खुर्चीच्या हातांवर. कुणी फोटो काढायला येणार असल्यासारखे.

दहा मिनिटं झाली आणि गारवा गेला. पंखा चालू, ट्रक चालू, वारा कोमट. बंद केला. तासाभराने पुन्हा लावला तर पुन्हा दहा मिनिटं गार, पुन्हा कोमट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जावई रुसावा तसं यंत्र, थोडा वेळ बरं वागायचं आणि मग तोंड फिरवून बसायचं.

ह्यांनी कारणं शोधायला सुरुवात केली. पहिलं कारण व्होल्टेज. एक स्टॅबिलायझर आणला, तो आणखी गुणगुणायला लागला. दुसरं कारण वरच्या आजींचा मिक्सर. आजींना खाली बोलावून विचारलं की चटणी किती वाजता वाटता. आणि तिसरं कारण, ज्याची मी वाटच बघत होते.

"तू खिडकी उघडी ठेवतेस," म्हणाले. "गारवा सगळा बाहेर जातो."

बघ कसं असतं. आधी खिडकीत एसी घालणार होते, तो घातला नाही, मोठेपणा घेतला. आता एसीसाठी खिडकी बंद करायची. फिरून तिथेच. आणि इकडे माझ्या खिडकीची काय दशा झाली होती ते बघायला ह्यांना वेळ नव्हता. बायका येऊन उभ्या राहिल्या की पदर उडायचे, कुंकू पाघळायचं, पावडर ओघळायची. बोलायचं ते ट्रकच्या वरचढ ओरडून. एक नवी लग्न झालेली मुलगी, लाजरी, तिला छातीला जरा सैल हवं होतं. मला ऐकू येईना, ती तीनदा बोलली, चौथ्यांदा जिवाच्या आकांताने ओरडली, आणि नेमक्या त्याच क्षणी हे धूड बंद पडलं. अख्ख्या गल्लीला तिचं माप कळलं. समोरचा इस्त्रीवाला अजून तिच्याकडे बघून मान खाली घालत असेल. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही.

मी ह्यांना म्हटलं, ठीक आहे. आठ दिवस खिडकी बंद ठेवते. आठ दिवसांत तुमचा एसी दहाची अकरा मिनिटं चालला तर खिडकी कायमची बंद, मशीन मी मागे नेते. नाही चालला तर पुन्हा माझ्या खिडकीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. हे कबूल झाले. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

आठ दिवस भर दुपारी ट्यूबलाइट लावून मी काळ्या कपड्यावर काळा दोरा घातला. खिडकी बंद, बाहेर ट्रक, आत कोमट पंखा. बायका दारावर यायच्या, आत डोकवायच्या, हे पहिल्या पाळीवरून येऊन शर्ट घालून खुर्चीत बसलेले दिसायचे, आणि म्हणायच्या, नंतर येते. शाळेतल्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अकरा ब्लाउज माझ्याकडेच यायचे होते, मापं माझ्या वहीत होती. बाईंनी दारातून एकदा बंद खिडकीकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. पिशवी हातातच ठेवली. दुसऱ्या दिवशी कळलं, स्टेशनजवळच्या टेलरकडे दिले. त्यांनी काही वाईट केलं नाही गं. आईला मुलीच्या लग्नाआधी चार गोष्टी बोलायच्या असतात, त्या परपुरुषासमोर दारात उभं राहून कशा बोलणार?

आठव्या दिवशी एसी दहाची नऊ मिनिटं चालला.

मी घड्याळ बघितलं आणि ह्यांनी मला घड्याळ बघताना बघितलं. तरी म्हणतात काय, गॅस कमी पडला असेल. मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. तो आला, एसी चालू केला, हाताने पाइप चाचपला. गारवा गेला तेव्हा त्या केसासारख्या बारीक नळीपाशी, जिच्यातून गॅस आत जातो, तिथे हात लावला आणि कान लावला. मग त्याने एक काडी पेटवून नळीखाली धरली. क्षणभर थांबला, सूं असा आवाज आला आणि देव्हाऱ्यातून पुन्हा गार वारा. मी आणि हे दोघंही बघतच राहिलो.

त्याने काडी विझवली आणि भिंतीवरच्या सहीकडे बघत विचारलं, "साईं, ये टेस्ट आपने किससे किया था?"

"पाण्याने," हे म्हणाले. "बारा तास एक थेंब गळला नाही."

बारा तास नव्हे, दुपारभरच. पण ते राहू दे. मेकॅनिक माझ्या कापडाच्या गाठोड्यावर बसला. मग अगदी हळू, आजारी माणसाच्या नातेवाइकांना सांगतात तसं, त्याने सांगितलं. एसीच्या पाइपात पाण्याचा थेंबसुद्धा जाऊ देत नाहीत. गेला तर तो आतल्या थंडीने त्या बारीक नळीत गोठतो, बर्फाचं बूच बसतं, गॅस अडतो. बंद केलं की बूच वितळतं, चालू केलं की पुन्हा बसतं.

"तीस साल हो गया भाभीजी," मला म्हणाला, "बर्फ बनाने के लिए एसी में पानी भरनेवाला आदमी पहली बार देखा."

मी उठले, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही दारं भिंतीला टेकतील इतकी उघडली. आणि तुला सांगते, नवऱ्याला टोमणा मारायची एवढी मोठी संधी मी आयुष्यात तेवढी एकदाच सोडली.

का सोडली, ते ऐक. मेकॅनिक पुढे म्हणाला, असं फोडलेलं काही टिकायचं नाही, हे दोन तुकडे परत जोडतो, नीट सुकवतो, पुन्हा एकाच डब्यात घालून खिडकीत बसवा, दहा वर्षं हूं का चूं करणार नाही. म्हणजे यंत्र वाचत होतं. फक्त खिडकी द्यायची होती. हे खुर्चीत बसले होते, त्याच इस्त्रीच्या शर्टात. माझ्याकडे बघेनात. मग त्या मेकॅनिकला सांगायला लागले, मला नाही. की हा एसी मॅनेजरच्या केबिनमधला. चोवीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी किती वेळा गेलो असेन. बॉयलरपाशी काम करता करता बोलावणं यायचं, घामाने निथळत आत जायचं, टेबलासमोर उभं राहायचं. गार वारा पाठीला लागायचा. बोलणं संपलं की बाहेर. कधी कुणी बस म्हटलं नाही. "एकदा ह्या वाऱ्यात बसायचं होतं," म्हणाले. "बसून बघायचं होतं कसं वाटतं."

आता सांग, ह्यावर काय टोमणा मारणार? मला वाटलं होतं गल्लीला दाखवायला चाललंय सगळं. मी मशीनवर बसून बायकांची सगळी गुपितं ऐकत होते आणि घरातल्या माणसाचं एवढंसं मला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. मनात आलं, म्हणावं, बसवा खिडकीत. जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात खिडकीबाहेरून गावातली ती भाजीची पाटीवाली, जी आठ दिवस बंद खिडकी बघून परत जात होती, ती म्हणाली, "बाय, उघडलीस का? मी म्हटलं मेलीस का काय."

ह्यांनी ते ऐकलं. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, "बाईंचे अकरा ब्लाउज गेले ना गं?" म्हणजे माहीत होतं. मी मान हलवली. मग मेकॅनिकला म्हणाले, बाहेरचं धूड तुम्ही घेऊन जा, तुमच्या कामाला येईल. तो म्हणाला साईं, जोडून देतो की. हे म्हणाले, "नको. दहा मिनिटं बसलो मी. रोज बसलो. कळलं कसं वाटतं."

कसं वाटतं ते मात्र त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी विचारलं की म्हणतात, व्होल्टेज बरोबर असतं तर सांगितलं असतं.

धूड गेलं, स्टँड राहिलं. भिंतीत इतकं पक्कं केलेलं की काढायचं म्हटलं असतं तर भिंत पडली असती. मी त्याच्यावर एक फळी टाकली. बायका पिशव्या ठेवायला लागल्या, भाजीवाली पाटी टेकवायला लागली, मग हळूहळू कोपर टेकवून अर्धा अर्धा तास बोलायला लागल्या. पाइपासाठी पाडलेल्या भोकातून मी आता मशीनच्या दिव्याची वायर घेतलीय. आणि तो देव्हारा तुझ्या डोक्यावर आहे बघ, त्यात फॉल, अस्तरं आणि दोऱ्याची रिळं. पितळी मुठी मी दर दिवाळीला चिंचेने घासते. स्वयंपाकघरातला पंखा मात्र परत चढवायला ह्यांना सहा महिने लागले. तेवढी धुराची शिक्षा मी भोगली, त्याबद्दल अजून बोलते अधूनमधून.

रिटायर झाल्यावर हे माझ्याकडे हुक लावायला बसायला लागले. खिडकीतल्या वाऱ्यात, त्याच खुर्चीत. बायकांना आधी लाज वाटली, मग त्यांच्या लक्षात आलं की ह्यांना ऐकू कमी येतं, मग बिनधास्त. प्रत्येक हुक लावला की ओढून बघतात, तुटेपर्यंत ओढतात, तुटला तर पुन्हा लावतात. मी म्हटलं, निदान पाण्यात घालून तपासू नका. त्या दिवशी रागावले, जेवले नाहीत. मग संध्याकाळी स्वतःच हसले.

ऐकलंस, खोकले बघ. उठले. आता बाहेर येऊन व्होल्टेजचं सांगतील, तू हो म्हण, काय जातं तुझं. निघालीस लगेच? एवढ्यासाठी आली होतीस का? बरं, जा, पण लवकर ये गं. तुझा तो लग्नातला हिरवा ब्लाउज आण, सैल करायला ठेवलेला आहे म्हणे किती दिवस. आंबे संपायच्या आत ये. आणि बेल वाजवू नकोस, ती वाजत नाही. सरळ खिडकीपाशी ये, पिशवी फळीवर ठेव आणि हाक मार, मी इथेच असते.